प्राथमिक शाळेतील श्रम, सेवा आणि ज्ञान : वर्धा शिक्षण योजनेच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील मुलांनी परसबाग करावी, गावातील पाणवठ्याची पाहणी करावी, शाळेचा परिसर स्वच्छ ठेवावा आणि या कामांतूनच भाषा, गणित व विज्ञान शिकावे, अशा उपक्रमांना आज 'सेवाधिष्ठित अध्ययन' व 'समृद्धीकरण कार्यक्रम' अशी नावे दिली जातात. या संज्ञा प्रामुख्याने अमेरिकेतील १९६० व १९७० च्या दशकांतील शैक्षणिक चर्चेतून रूढ झाल्या. जोसेफ रेन्झुली यांनी १९७७ मध्ये मांडलेले समृद्धीकरणाचे प्रारूप तर मुख्यतः प्रज्ञावान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी होते. भारतात मात्र त्याच्या चाळीस वर्षे आधी, १९३७ मध्ये, हाच विचार सर्व मुलांसाठी, विशेषतः खेड्यातील मुलांसाठी, राष्ट्रीय योजनेच्या रूपाने मांडला गेला होता. ही योजना नेमकी काय होती आणि तिचे केंद्रस्थान का ढळले, या दोन प्रश्नांचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

वर्धा परिषद आणि झाकीर हुसेन समिती

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. शिक्षण सार्वत्रिक करावयाचे तर पैसा हवा आणि प्रांतिक सरकारांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मद्यावरील करातून येत होता. दारूबंदी आणि शिक्षण यांपैकी एकाचीच निवड करण्याचा हा पेच महात्मा गांधींना मान्य नव्हता. उत्पादक हस्तव्यवसायाद्वारे शिक्षण ही कल्पना त्यांनी 'हरिजन'मधून मांडली, ती या पार्श्वभूमीवर.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक श्रमाभोवती शिक्षणाची गुंफण आणि शिक्षकांचा पगार कालांतराने या उत्पादनातून निघावा अशी अपेक्षा, हे तिच्या ठरावांचे सार होते. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम आणि आशादेवी हे तिच्या सदस्यांपैकी होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजनेस मान्यता दिली.

समितीने आखलेले वेळापत्रक बोलके आहे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे देण्यात आली होती. उरलेली २० मिनिटे व्यायाम व मधली सुटी यांसाठी होती. शाळा वर्षातून २८८ दिवस चालावी, अशी अपेक्षा होती. म्हणजेच मूलोद्योगाच्या वाट्याला वर्षाकाठी ९६० तास येत.

समवाय : योजनेचा गाभा

हे आकडे पाहून शाळेची कार्यशाळा झाली, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु योजनेचा खरा गाभा 'समवाय' या तत्त्वात होता. टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाने सुताची लांबी मोजावी, वजन करावे, त्यावरून सुताचा अंक काढावा. हे झाले गणित. कापूस कोणत्या जमिनीत व हवेत येतो, हा भूगोल झाला आणि हातमागाचा धंदा का बुडाला, हा इतिहास झाला. गावाची स्वच्छता आणि शाळेचा कारभार यांतून नागरिकशास्त्राचा प्रत्यक्ष पाठ मिळावयाचा होता. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे सुरू केलेल्या प्रयोगशाळेतही विणकाम, सुतारकाम व स्वयंपाक यांतून मुले शिकत. फरक असा की, ड्यूईंच्या शाळेत वस्तू विकण्याचा हेतू नव्हता, तर वर्ध्यात वस्तूला बाजारमूल्य असणे हीच कामाच्या दर्जाची कसोटी मानली गेली.

आक्षेपांचे स्वरूप

वादाचे मूळ नेमके याच कसोटीत होते. प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच स्वावलंबनाच्या कल्पनेस हरकत घेतली. शाळेतील मालाची व्यावसायिक कारागिरांच्या मालाशी अन्याय्य स्पर्धा होईल आणि विक्रीवर दृष्टी ठेवली की मुलाचे शिक्षण मागे पडेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. १९४४ च्या सार्जंट योजनेने मूलोद्योगी शिक्षण स्वीकारले, पण स्वावलंबनाची अट नाकारली.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता व तो पालकांच्या मनात होता. ज्या घरातील मूल आधीच शेतात व गुरांमागे राबते, त्या घराने मुलाला शाळेत पाठवायचे ते अक्षरासाठी. तेथेही हातात टकळीच येणार असेल तर शहरातील मुलांना इंग्रजी आणि आमच्या मुलांना सूत, असा अर्थ त्यातून निघत होता. मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी १९५३ मध्ये आणलेल्या योजनेत मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायात घालवावा, अशी कल्पना होती. तिला जातिव्यवसाय कायम करणारी योजना म्हणून कडाडून विरोध झाला आणि १९५४ मध्ये कामराज यांनी ती मागे घेतली. ती योजना वर्धा योजनेहून भिन्न होती. तरीही विरोधामागील भीती समजून घेणे आवश्यक आहे. श्रमाची प्रतिष्ठा सर्वांनी श्रम केल्याने वाढते, काहींनाच श्रम शिकविल्याने नव्हे.

सेवाग्राम व कोसबाड

सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघाच्या शाळेत स्वयंपाक व सफाई ही सर्व मुलांची व शिक्षकांची सामायिक कामे होती. ज्या समाजात सफाईचे काम जन्मावरून ठरत होते, तेथे ही कृती केवळ आरोग्यशिक्षणाची नव्हती. कामाचा जातीशी असलेला संबंध तोडणारा तो सामाजिक पाठ होता. याउलट, शाळेत झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे आडनाव पाहून ठरत असेल, तर त्याच कृतीचा अर्थ पूर्णतः उलटा होतो.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले व पुढे कोसबाडला नेलेले कार्य या दृष्टीने उद्बोधक आहे. अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी वारली मुलांचे शिक्षण हाती घेतले, तेव्हा धाकटी भावंडे सांभाळणे आणि गुरे राखणे यांमुळे मुले शाळेत येत नाहीत, हे त्यांनी ओळखले. त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकत्र आणले आणि गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' चालविली. खडे, पाने, बिया हीच शैक्षणिक साधने ठरली. येथे श्रम शाळेत आणण्याऐवजी मूल जेथे श्रम करीत होते तेथे शाळा गेली. त्यामुळे पालकांचा वर उल्लेखिलेला आक्षेप येथे लागू पडत नाही.

तत्त्वाकडून तासिकेकडे

कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' व समाजसेवा यांची शिफारस केली. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' ही संज्ञा दिली. दोन्हींचा हेतू श्रम व ज्ञान यांची सांगड घालण्याचा होता. प्रत्यक्षात मात्र कार्यानुभव हा वेळापत्रकातील स्वतंत्र विषय झाला. विषय झाला म्हणून त्याला तासिका मिळाली, तासिकेमुळे श्रेणी आली आणि श्रेणीसाठी वस्तू आवश्यक झाली. ती वस्तू पुष्कळदा घरच्या मोठ्या माणसांनी तयार केलेली किंवा दुकानातून आणलेली असते, हा प्राथमिक शिक्षकांच्या परिचयाचा अनुभव आहे. गणिताच्या तासाला त्या वस्तूचा उल्लेखही होत नाही. समवायाचे तत्त्व बाजूला पडले आणि उपक्रम तेवढा उरला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या काळात दहा दप्तरविरहित दिवस सुचविले असून मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे म्हटले आहे. ही कल्पना स्वागतार्ह आहे. मात्र ९६० तास मिळूनही जे तत्त्व सर्वत्र रुजले नाही, ते दहा दिवसांत रुजेल काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

निष्कर्ष

वर्धा योजनेचे अपयश केवळ निधीच्या अभावाने किंवा हस्तव्यवसायाच्या निवडीने स्पष्ट होत नाही. समवाय साधणारा शिक्षक घडविणे ही तिची पहिली गरज होती व ती अपुरी राहिली. श्रमाचे शिक्षण सर्व थरांतील मुलांना सारखेच मिळेल, ही दुसरी अटही पाळली गेली नाही. आज प्राथमिक शाळेत सेवाधिष्ठित उपक्रम आखताना या दोन कसोट्या लावणे इष्ट ठरेल : या कामातून मूल कोणते नवे ज्ञान मिळविते आणि हेच काम वर्गातील प्रत्येक मूल करते काय? अध्यापक महाविद्यालये व राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांनी आपल्या परिसरातील जुन्या मूलोद्योगी शाळांची दप्तरे तपासून त्या शाळांतील शिक्षकांच्या आठवणी नोंदविल्यास, या प्रश्नांची उत्तरे अधिक नेमकेपणाने देता येतील.