न्हाणीघराची फरशी

गेले पंधरा दिवस आमच्या भिसेगावच्या घरात एकच विषय चालू आहे. न्हाणीघराला फरशी कोणती बसवायची? हसू नका! सत्तरी ओलांडल्यावर हा प्रश्न किती गंभीर होतो, ते समवयस्कांना सांगायला नको. माझी थोरली बहीण अशाच एका नव्या, चकचकीत फरशीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ताई त्यानंतर काठीशिवाय कधी चालली नाही.

आता सौ.चे गुडघे दुखतात म्हणून कमोड बसवायचं ठरलं. म्हणजे जुनी शहाबादी उखडणं आलं. ती वडिलांनी १९६२ साली बसवली, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्याआधी परसात नुसती एक धोंड होती. तिच्यावर बसून अंघोळ करायची, पाणी अळूला आणि केळीला जायचं.

शहाबाद हे गाव कलबुर्गी (पूर्वीचा गुलबर्गा) जिल्ह्यात. १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाचा. तिथला चुनखडीचा दगड थराथरांचा असल्यामुळे त्याच्या सपाट लाद्या सहज सुटतात. गंमत म्हणजे शहाबाद आणि आमचं कर्जत एकाच लोहमार्गावर! १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली, १८७१ साली हा मार्ग रायचूरपर्यंत पोहोचला, आणि सोलापूरच्या पुढे वाटेत शहाबाद लागतं. अशा जड दगडाला रेल्वेशिवाय दूरची गिऱ्हाइकं कुठून मिळणार?

श्रीमंतांची गोष्ट वेगळी. १८७२ साली खुल्या झालेल्या भायखळ्याच्या संग्रहालयात (आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या फरशा आहेत. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात, १९२२ साली फिरोजशा सिधवा आणि रुस्तम सिधवा यांनी मुंबईत 'भारत टाइल्स' सुरू केली आणि सिमेंटच्या नक्षीदार फरशा इथेच होऊ लागल्या. त्याच साली राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडोला उत्खनन सुरू केलं. तिथल्या घरांतून न्हाणीघरं सापडली. विटा घट्ट बसवलेल्या आणि जमिनीला गटाराकडे उतार! वर्गात हा धडा मी कितीदा शिकवला, पण त्या उताराचं मोल आत्ता कळतंय.

आमच्या शहाबादीत दोष नव्हते असं नाही. चुनखडी असल्याने अ‍ॅसिड टाकलं की फसफसते. स्वच्छतेच्या हौसेपायी आम्हीच तिला वर्षानुवर्षं खड्डे पाडले. सांध्यांतलं सिमेंटही निघालं होतं. पण ओल्या पायाला तिने कधी दगा दिला नाही.

चिरंजीवांनी फोनवर चित्रं पाठवली. दोन बाय चारच्या मोठ्या, आरशासारख्या टाइल्स. "बाबा, हॉटेलसारखं दिसेल!" मी म्हटलं, "अरे, मला तिथे राहायचंय, दिसायचं नाही."

शेवटी आम्ही दोघं कर्जतच्या दुकानात गेलो. मालक माझा जुना विद्यार्थी निघाला. माल सगळा मोरबीचा. (मोरीला मोरबी! असो.) त्याने नीट समजावलं, "सर, व्हिट्रिफाइड पाणी जवळजवळ पीत नाही, पण त्याने घसरणं थांबत नाही. पृष्ठभाग खरखरीत हवा. आणि फूट बाय फुटाची घ्या. छोट्या फरशीला जाळीकडे उतार नीट देता येतो, सांधेही जास्त येतात." मी मनात म्हटलं, मोहेंजोदडोचा धडा पोराच्या लक्षात राहिलेला दिसतोय!

मग सौ.ने बाटलीतलं पाणी चार नमुन्यांवर ओतलं आणि चपला काढून एकेकावर उभी राहिली. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती. तिसऱ्या नमुन्यावर तिने माझा हात सोडला. "अहो, हीच." राखाडी रंग, नक्षी नाही. मळ अडकेल, घासावं लागेल, हे तिला ठाऊक होतं. "घासू की. पडण्यापेक्षा बरं."

मिस्त्री उद्या येतोय. दोन लाद्या अखंड काढायला त्याला बजावून सांगणार आहे. परसातल्या नळाखाली घालीन. अळू अजून तिथेच आहे.