पंखातील बुरशी आणि तिचा बंदोबस्त

जेट विमानांनी रॉकेलच्या जातीचे इंधन पत्करले, तेव्हा त्यांच्या कारभाऱ्यांना ज्वलनाची, उंचावरील थंडीची आणि पुरवठ्याची विवंचना होती. हेच इंधन कोणा जिवाचे अन्न ठरेल, ही शंका फारशा कोणाला शिवली नसावी. वास्तविक बुरशी पॅराफिनवर उपजीविका करू शकते, हे मियोशी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९५ सालीच दाखवून दिले होते. परंतु प्रयोगशाळेच्या दप्तरी रुजू झालेले हे ज्ञान हँगरपर्यंत पोहोचण्यास साठएक वर्षे लागली, आणि तेही १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन हवाई दलाच्या विमानांत तपकिरी, चिकट गाळाने फिल्टर तुंबू लागले म्हणून.

या गाळातील मुख्य आरोपी म्हणजे ‘क्लॅडोस्पोरियम रेझिनी’ ही बुरशी. राळ आणि क्रिओसोट पाजलेले लाकूड यांवर ती पूर्वीपासून वस्ती करून होती. १९६९ साली तिचे ‘अमॉर्फोथिका’ असे नवे नामकरण झाले, पण विमानतळावरील माणसे तिला जुन्याच नावाने ओळखत राहिली. तिला खायला इंधन पुरते, मात्र जगायला पाणी लागते. विमान उंचावर गेले की थंडीने इंधनात विरघळलेले पाणी वेगळे होते, आणि विमान खाली उतरू लागले की टाकीच्या वायुमार्गातून बाहेरची दमट हवा आत शिरून तिच्यातील बाष्प थंड पत्र्यावर दवासारखे साचते. हे पाणी जड असल्याने तळाशी बसते, आणि पाणी व इंधन यांच्या सीमेवर, सायीसारखा थर धरून, ही बुरशी आपला संसार थाटते. पंखाच्या पोकळीलाच टाकी करण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हा संसार विशेष घातक ठरला. कारण बुरशीच्या आम्लांनी ॲल्युमिनियमला जे खड्डे पडतात, ते निव्वळ एखाद्या भांड्याला नव्हे, तर साक्षात पंखाला पडतात. शिवाय इंधनमापकाच्या दांड्यांवर हा गाळ चढला, की वैमानिकासमोरचा आकडाही खोटा बोलू लागतो.

पहिला इलाज अत्यंत साधा, आणि माझ्या मते आजही सर्वांत शहाणपणाचा: टाकीच्या तळाची झडप उघडून पाणी काढून टाकणे. काचेच्या बरणीत घेतलेला नमुना उजेडात धरला, की वर पिवळसर इंधन, खाली पाण्याचा गोळा आणि दोहोंच्या मधोमध काळपट तंतू दिसतात; मग निदानास वेगळ्या पंचनाम्याची गरज उरत नाही.

दुसरा इलाज अनपेक्षितपणे हाती आला. इंधनातील पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून १९६० च्या सुमारास एक ग्लायकोल-ईथर मिसळण्याचा प्रघात पडला, आणि तेच द्रव्य तळच्या पाण्यात जमा होऊन बुरशीलाही आवरते, असे आढळले. पुढे खास जीवनाशके निघाली. एक बोरॉनयुक्त, तिची मात्रा दशलक्ष भागांस १३५, आणि रोग बळावला असेल तर २७०. दुसरी ‘कॅथॉन’, शांपूत वापरल्या जाणाऱ्या परिरक्षकांच्या कुळातली. तिची मात्रा दशलक्षास १००, म्हणजे दहा हजार लिटर इंधनास अवघे एक लिटर. औषध टाकीत एकदम न ओतता इंधन भरताना त्याच्या प्रवाहातच सम प्रमाणात मिसळावयाचे, विमान नेमून दिलेल्या काळापर्यंत उभे ठेवावयाचे, आणि मेलेल्या बुरशीचा थर फिल्टरमध्ये जाण्यापूर्वी हाताने काढावयाचा. त्यासाठी टाकीत शिरणाऱ्या माणसाला आधी हवा खेळती करून वायूची मोजणी करावी लागते.

या शिस्तीतील मात्रेच्या कलमाची किंमत अलीकडे कळली. मार्च २०१९ मध्ये ओसाकाजवळ कान्साई विमानतळावर उतरू पाहणाऱ्या एका बोइंग ७८७ ची दोन्ही इंजिने काही क्षण मंदावली. जपानी चौकशीत कॅथॉनच्या मॅग्नेशियमयुक्त अवशेषांकडे बोट दाखवले गेले. २६ फेब्रुवारी २०२० रोजी, मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, लंडनच्या गॅटविकवरून उडालेल्या एअरबस ए३२१ चे एक इंजिन पेटत्या धक्क्यांनी हादरले आणि दुसरेही डगमगू लागले. वैमानिकांनी विमान परत आणून सुखरूप उतरवले. टाक्यांत शिफारशीच्या ३८ पट कॅथॉन गेले होते. ‘दशलक्ष भागांस’ या मापनाशी मात्रा काढणाऱ्याचा परिचय नव्हता, आणि देखभालीच्या पुस्तकातही हिशेबाचा पुरेसा तपशील नव्हता. तेव्हा सारा दोष एका माणसाच्या माथी मारणे मला रास्त वाटत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्पादकाने विमानांसाठी कॅथॉनचा वापर थांबवला, आणि कार्यशाळांच्या हाती बोरॉनचे औषध व पाणी काढण्याची जुनी चाकरी एवढेच उरले.