पन्नास नोट्सचा हत्ती

माझी मामेबहीण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन सेमिस्टरच्या नोट्स तिने टॅबवर एका ॲपमध्ये लिहिल्या आणि ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री ॲप म्हणालं, आधी वर्गणी भरा. "दादा, नोट्स माझ्या आणि पैसेही मीच द्यायचे?" प्रश्न रास्त आहे, आणि त्यामागचा इतिहास मजेदार.

ऑगस्ट १९९३ मध्ये ॲपलने 'न्यूटन मेसेजपॅड' बाजारात आणला. पेनाने पडद्यावर लिहा, तो छापील अक्षरं करून देणार. कल्पना झकास! प्रत्यक्षात लिहावं एक आणि उमटावं भलतंच. कारण साधं होतं. यंत्र तुमचं अक्षर आपल्या शब्दकोशाशी ताडून पाहायचं. शब्द कोशात नसला की जवळचा दिसेल तो शब्द तुमच्या गळ्यात. आडनावं आणि तांत्रिक शब्द लिहिणाऱ्याचे काय हाल झाले असतील, विचार करा. 'डून्सबरी' या चित्रमालिकेने त्याची यथेच्छ टर उडवली. १९९६ च्या आवृत्तीत अक्षर ओळखणं खूपच सुधारलं, पण तोवर बदनामी झाली होती. १९९८ मध्ये स्टीव्ह जॉब्झने दुकान बंद केलं.

न्यूटनला अक्षर-ओळख पुरवणारी कंपनी होती मॉस्कोची 'पॅराग्राफ', संस्थापक स्तेपान पाचिकोव्ह. गडी चिकट. माणसाला विसरू न देणारं यंत्र हवं, हा ध्यास काही सुटेना. पुढे त्यांनीच अमेरिकेत 'एव्हरनोट' सुरू केलं. २००८ मध्ये ते ऑनलाइन आलं आणि कॉलेजातली पोरं अक्षरशः तुटून पडली. चिन्ह हत्तीचं, कारण हत्ती काही विसरत नाही असं इंग्रज मानतात. तेव्हाचे प्रमुख फिल लिबिन शंभर वर्षं टिकणाऱ्या कंपनीच्या गोष्टी करायचे. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं: तुमचा डेटा तुमचाच, तो सुरक्षित राहील, आणि हवा तेव्हा घेऊन जाता येईल.

मग? २०१६ मध्ये फुकट खातं दोन उपकरणांपुरतं उरलं. २०२२ च्या अखेरीस कंपनी इटलीच्या 'बेंडिंग स्पून्स'ने घेतल्याचं जाहीर झालं आणि डिसेंबर २०२३ पासून फुकटात फक्त ५० नोट्स, एक वही. ५० नोट्स म्हणजे एका विषयाचं अर्धं सेमिस्टर!

वचन मोडलं असं मात्र म्हणता येत नाही. जुन्या नोट्स वाचता येत होत्या, बाहेरही काढता येत होत्या. पण बाहेर काढताना वह्यांची रचना सोबत येत नाही, नोटेतून नोटेत जाणारे दुवे तुटतात. आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. 'इम्पोर्ट'चं बटण पहिल्या महिन्यात तयार होतं. 'एक्स्पोर्ट'चं काम प्रत्येक स्प्रिंटमध्ये पुढे ढकललं जातं. निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कोण रात्री जागणार? गूगलनेही २००६ मध्ये आणलेलं 'नोटबुक' २०१२ पर्यंत गुंडाळलं. त्यातला मजकूर निदान गूगल डॉक्समध्ये हलवला, हे खरं.

यावरचा उतारा म्हणून आमची जमात 'मार्कडाउन'चं नाव घेते. २००४ मध्ये जॉन ग्रुबरने आणलेली साध्या टेक्स्टची पद्धत, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणारी. 'ऑब्सिडियन'सारखी २०२० नंतरची ॲप्स त्याच फायली तुमच्या डिस्कवर ठेवतात. कंपनी बुडाली तरी फाइल शाबूत. मीही वापरतो, शिफारसही करतो. फक्त एक करा: फळ्यावर सर भरभर बेंझिनची कडी काढताहेत, तेव्हा ती साध्या टेक्स्टमध्ये उतरवून दाखवा :-)