भाकरीच्या गावात ग्लुटेन-फ्री

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव-शेगाव पट्ट्यात आमचं गाव. तिथे "ग्लुटेन-फ्री" हा शब्द पोचायला भलताच उशीर लागला. वस्तू मात्र पिढ्यान् पिढ्या रोज ताटात होती. जवारीची भाकर, पिठलं, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रसादाचंही हेच ताट. गहू नव्हता असं नाही. काळ्या जमिनीत रब्बीचा गहू होता, पण पोळी सणावाराची, नाहीतर पाहुण्यांची.

हा विषय डोक्यात शिरला तो माझ्या भाचीमुळे. वय आठ, मुक्काम पुणे, निदान सीलिअ‍ॅक. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतली मखमल झिजते, अन्न अंगी लागत नाही, वाढ खुंटते. औषध नाही. गहू आणि जव आयुष्यभर बंद, हाच उपचार. त्यामुळे "डाएटचं फॅड" म्हणून हसणार्‍यांनी इथे थोडं थांबावं.

मग काय, मामा या नात्याने सलग तीन शनिवार सुपरमार्केटात घालवले. बिस्किटं, पास्ता, ब्रेड, केक मिक्स.. जे दिसलं ते उचललं. निरीक्षणं अशी: बिस्किटं बरी, पण भुगा फार आणि साखर सढळ. पास्ता एक मिनिट जास्त शिजला की त्याची खीर होते. ब्रेड भाजल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. आणि किंमत साध्या मालाच्या तिप्पट-चौपट. पाकिटाच्या मागे तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, टॅपिओका आणि झँथन गम. हा गम ग्लुटेनचं चिकटवायचं काम करतो. आजी तेच काम उकळत्या पाण्याने करते! ज्वारीतलं प्रथिन वेगळं, त्याला ताण नाही. म्हणून पीठ गरम पाण्यात मळायचं, स्टार्च फुलून चिकट होतो आणि भाकर थापता येते.

मग प्रश्न असा की जिथे हे सगळं फुकटात जमत होतं, तिथून ते गेलं कुठे?

पहिला धक्का गव्हाने नाही, कापसाने दिला. १८५३ मध्ये निजामाकडून वर्‍हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा चिमुकला रेल्वे फाटा झाला तो खामगावच्या कापूस बाजारासाठी. पूर्वी ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, वाईट वर्षासाठी राखून ठेवत. आता रोकड पिकाचे दिवस आले. १८९९-१९०० च्या दुष्काळात वर्‍हाड कसा होरपळला हे इतिहासात नोंदलेलं आहे.

दुसरा धक्का धान्याच्या जहाजांनी दिला, आणि इथे योगायोग बघा. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला आधीपासून संशय होता की या आजारात गहूच मुलांना बाधतो. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेना, तेव्हा त्याचा संशय बळावला. १९५० मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. आणि १९५६ मध्ये भारताने अमेरिकेशी पी.एल. ४८० चा करार केला, रेशनवर परदेशी गहू यायला लागला. पुढे १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचं बियाणं आलं, हरितक्रांती झाली, देश जगला. त्यात वाईट काही नाही. पण सरकारी खरेदी आणि रेशन हे सगळं गहू-तांदळाभोवती फिरू लागलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलो होतं खरं, पण आमच्या दुकानात पोत्यातून निघायचा तो गहू आणि तांदूळ.

ज्वारीनेही प्रयत्न केला बरं का. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, उत्पन्न वाढलं. पण खरिपाच्या ज्वारीचं कणीस नेमकं परतीच्या पावसात सापडायचं आणि दाणा काळा पडायचा. त्यात १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी आली, मिलो. ती ज्यांनी खाल्ली ते आजही नाव काढलं की तोंड वाकडं करतात. भाकर म्हणजे गरिबी आणि पोळी म्हणजे बरे दिवस, हे समीकरण घट्ट झालं. १९९० नंतर सोयाबीन पसरलं आणि आमच्या शिवारात ज्वारी शोधावी लागू लागली.

आता पुन्हा भाचीकडे. गावी नेली तेव्हा आजी म्हणाली, "जवारीची भाकर खाल्ल्यानं कोनाले काय होते?" बरोबरच आहे. ज्वारीने काहीच होत नाही. पण गावात गिरणी एक. आधीच्या बाईचा गहू दळून झाला की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते, आणि पहिलं पसाभर पीठ मिश्र येतं. नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन. त्या पसाभर पिठात ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. डबीतल्या हिंगातही बर्‍याचदा मैदा असतो, म्हणजे फोडणीही गेली. आणि "मल्टिग्रेन" लिहिलेल्या पिठात पहिला घटक गहूच असतो, हेही वाचून घ्या.

यावर उपाय तसा साधा निघाला. घरी एक नवी घरघंटी आणली आणि तिच्यावर खडूने लिहिलं: फक्त ज्वारी. तवा वेगळा, काटवट वेगळी, हिंग बंद. आजीला पटायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी शेजारीण गहू घेऊन आली तर आजीनेच तिला दारातून परत पाठवलं :)

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारी शहरात पाकिटातून परतली. आनंद आहे. पण पाकिटावर "ज्वारी" लिहिलंय म्हणून सीलिअ‍ॅक असलेल्या पोराला देऊ नका. "ग्लुटेन-फ्री" लिहिलंय का ते बघा, कारण शेत ते गिरणी या वाटेवर गहू कुठेही भेटतो. आणि तुमच्या ओळखीत एखादं मूल सारखं जुलाब, अशक्तपणा, वाढ नाही असं करत असेल, तर आधी रक्त तपासून घ्या. तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर चाचणी फसते.

असो. भाचीला सध्या पास्त्यापेक्षा ठेचा जास्त आवडतो. मामाचे तीन शनिवार वाया!