यवतमाळचा समुद्र कोणता?

आजचा प्रश्न एकदम सोपा आहे. यवतमाळ जिल्ह्याचा समुद्र कोणता? रेकॉर्डिंगच्या आधी मी हा प्रश्न पाच-सात मित्रांना विचारला. एक जण हसला, म्हणे आपल्याकडं प्यायला पाणी पुरत नाही आन तू समुद्राचं काय घेऊन बसला. बाकीच्यांनी एकच उत्तर दिलं: मुंबईचा, म्हणजे अरबी समुद्र.

आता मोबाइलवर नकाशा उघडा आणि पैनगंगेवर बोट ठेवा. ती जिल्ह्याच्या दक्षिण सीमेनं वाहत वणी तालुक्याच्या टोकाला वर्धेला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते आणि तिथून नाव होतं प्राणहिता. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. मग भद्राचलम, राजमहेंद्री आणि शेवटी बंगालचा उपसागर. अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, आपल्या सगळ्या नद्यांचं पाणी याच वाटेनं जातं. एक थेंबही मुंबईकडं जात नाही.

मग मुंबई डोक्यात कशी बसली? तर कापसामुळं. पाणी पूर्वेकडं गेलं आणि माल पश्चिमेकडं. पण एकेकाळी मालही पूर्वेलाच न्यायचं घाटत होतं, आणि ही गोष्ट मला फार आवडते.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडाकडं डोळे लावून बसल्या. आपला जिल्हा त्याच काळातला. 1864 मध्ये तो वेगळा काढला, पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि 1905 मध्ये यवतमाळ झाला. हा कापूस बंदरापर्यंत न्यायचा कसा? आर्थर कॉटन नावाच्या इंजिनिअरचं म्हणणं होतं, नदीनं न्या. (हो, आडनाव खरंच कॉटन.) वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बोटी थेट काकीनाड्याच्या किनाऱ्यावर. त्यासाठी 1860 मध्ये निजामाशी करार झाला, सिरोंच्याचा भाग इंग्रजांकडं आला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या योजनेच्या मागं लागले. अडचण एवढीच की नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते आणि उन्हाळ्यात पाणीच नसायचं. लाखो रुपये ओतले. तेवढ्यात 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि नदीच्या बोटींना कोणी विचारेना. 1871 मध्ये काम गुंडाळलं. पुढे शकुंतला आली, कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबईला जाऊ लागला आणि आपण काकीनाडा विसरलो.

पण कॉटनचं एक काम टिकलं. राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला त्यानं 1847 ते 1852 मध्ये गोदावरीवर बंधारा बांधला. दुष्काळानं मोडलेला प्रदेश भाताचं कोठार झाला. तिथले शेतकरी आजही त्याचे पुतळे पुजतात आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. मात्र त्या बंधाऱ्याचं बिल माशांनी भरलं. हिलसा हा समुद्रात वाढणारा मासा पावसाळ्यात अंडी घालायला नदीत उलटा चढतो. गोदावरीत त्याला पुलसा म्हणतात आणि मंगळसूत्र विकून का होईना पण पुलसा खावा, असं तिथं बोललं जातं. त्याची वरची वाट बंधाऱ्यानं बंद केली. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या सैन्यातला डॉक्टर, पुढे भारतातल्या माशांचा सर्वात मोठा अभ्यासक झाला. दक्षिणेतल्या बंधाऱ्यांनी माशांची वाट अडते, हे त्यानं 1870 च्या दशकातच सरकारला लिहून कळवलं होतं. म्हणजे हे दीडशे वर्षांपूर्वी माहीत होतं. त्यानंतर वरच्या अंगाला धरणांची रांगच लागली. आता धरणांत गाळ अडतो, त्रिभुज प्रदेशाला पुरेशी नवी माती मिळत नाही आणि समुद्र किनारा खातो. याच किनाऱ्यावर कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. मासे आणि कोळंबीची पिल्लं तिथंच लहानाची मोठी होतात.

गाळ अडला, पण पाण्यात विरघळलेलं सगळंच अडत नाही. इथं आपला कापूस परत येतो.

पावसाळ्यात आपण पऱ्हाटीला युरिया, डीएपी टाकतो. पिकाला लागतं तेवढं पीक घेतं, उरलेल्यातलं बरंच नाल्यात जातं. समुद्रात हेच नत्र शेवाळाचं खत होतं. शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जातं, आणि ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मासे पळतात किंवा मरतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाशी दर उन्हाळ्यात हेच होतं, आणि ते खत मुखापासून शेकडो मैल आतल्या मक्याच्या शेतांतून आलेलं असतं.

बंगालच्या उपसागराचं प्रकरण जास्त नाजूक आहे. 2016 मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं, ज्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक होते, मोजून सांगितलं की या उपसागरात सुमारे 60,000 चौरस किलोमीटरचा पट्टा जवळपास ऑक्सिजनशिवाय आहे. आपला जिल्हा साधारण साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे चार यवतमाळ मावतील. हा पट्टा आपल्या खतानं तयार केलाय असं मी म्हणत नाही, तो बराचसा नैसर्गिक आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरीचं गोडं पाणी हलकं असल्यानं झाकणासारखं वर पसरतं आणि खाली हवा पोचू देत नाही. पण तिथं ऑक्सिजनचा अगदी शेवटचा अंश अजून उरलाय. वरून खताचं पाणी वाढत गेलं तर तोही जाईल, आणि मग समुद्राची रसायनंच बदलतील, अशी भीती शास्त्रज्ञांना आहे.

औषधांचं तर बोलायलाच नको. 2017 चा पावसाळा आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. बीटी कापूस 2002 मध्ये आला तेव्हा फवारणी कमी होईल असं सांगितलं होतं. गुलाबी बोंडअळीनं ते खोटं ठरवलं. त्या वर्षी जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ज्या औषधानं माणूस असा पडतो, ते पावसाच्या सरीबरोबर वाहून गेल्यावर नाल्यातल्या बेडकाचं, झिंग्याचं काय करत असेल? रॅचेल कार्सन, जिनं 1962 मध्ये कीटकनाशकांवर जगाला जागं केलं, ती मुळात समुद्रजीवशास्त्रज्ञ होती. शेताचं विष नदीतून समुद्रापर्यंत जातं, हे तिला कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

आणि हो, एक राहिलंच. वणीकडची चुनखडी, जिच्यावर सिमेंटचे कारखाने चालतात, ती समुद्राच्या तळाशी बसलेली आहे. अब्जाच्या आसपास वर्षांपूर्वी, मासे जगात यायच्याही आधी, इथंच पाणी होतं. म्हणजे समुद्र आपल्याकडं येऊन गेलाय.

पुढच्या भागात शकुंतलेची पूर्ण गोष्ट घेऊ. तुमच्या गावचा नाला कोणत्या नदीला मिळतो ते नकाशावर शोधा आणि कमेंटमध्ये लिहा. दारव्हा, पुसद, उमरखेडवाले आधी.