‘मर्क्युरिअल’ : एका विशेषणाची कुळकथा

लुस्त्र नगरीत संत पौलाने जन्मापासून पंगू असलेल्या एका माणसाला उभे केले, तेव्हा तेथील लोकांनी त्याला देवच मानले. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या चौदाव्या अध्यायात ही हकिगत आली आहे. बर्णबाला त्यांनी ज्यूस ठरविले आणि पौल मुख्य बोलणारा म्हणून त्याला हर्मेस म्हटले. व्हल्गेट या लॅटिन बायबलात हर्मेसच्या जागी त्याचा रोमन अवतार मर्क्युरियस येतो. याच नावावरून इंग्रजीतील ‘मर्क्युरिअल’ हे विशेषण घडले. घटकेत प्रसन्न, घटकेत रुष्ट, पुढल्या क्षणी काय करील याचा नेम नसलेला, असा त्याचा आजचा अर्थ. लुस्त्रकरांना पौलात लहरीपणा दिसला नव्हता, वक्तृत्व दिसले होते. (लहरी ठरले ते लुस्त्रकरच. बैल आणि हार घेऊन यज्ञ करावयास निघालेल्या त्या जमावाने पुढे चिथावणीला बळी पडून पौलाला दगडमार केला.)

मर्क्युरी हा मुळात व्यापाराचा देव. माल या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी त्याच्या नावाचे नाते जोडतात. रोममध्ये त्याचे मंदिर इ. स. पूर्व ४९५ मध्ये उभे राहिले. व्यापारी त्याच्याकडे नफा मागत आणि सौद्यात घेतलेल्या खोट्या शपथांची क्षमाही मागत, असे ओव्हिड कवी थट्टेने सांगतो. देवांचा निरोप्या, वाटसरूंचा आणि चोरांचाही सांगाती अशा या देवाचे नाव सूर्याभोवती ८८ दिवसांत फिरणाऱ्या सर्वांत चपळ ग्रहाला मिळावे, हे ओघानेच आले. तोच आपला बुध. बुधवार त्याचा, हे रोमनांनीही मानले आणि आपणही मानतो. पोर्तुगीजांनी मात्र वारांतून देवतांची नावे काढून टाकली. ब्रागाचे बिशप संत मार्टिन यांनी सहाव्या शतकात त्या नावांवर टीका केली होती. वसई-गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांचा बुधवार ‘क्वार्ता फेरा’, म्हणजे चौथा दिवस होता.

मध्ययुगीन युरोपात ज्याच्या जन्मावर बुधाचा अंमल, तो ‘मर्क्युरिअल’. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला तो याच अर्थाने : हुशार, बोलका, हिकमती. गुरूच्या प्रभावाखालचा ‘जोव्हिअल’ आणि शनीच्या छायेतला ‘सॅटर्नाईन’ ही त्याचीच भावंडे. या कल्पनेला ख्रिस्तसभेचा आक्षेप जुनाच आहे. एसाव आणि याकोब जुळे असूनही त्यांचे स्वभाव आणि आयुष्ये इतकी भिन्न कशी, असा प्रश्न संत ऑगस्टीन यांनी ज्योतिषांना विचारला. संत थॉमस अक्वायनस यांनी ग्रहांचा शरीरावर आणि त्यातून वासनांवर काही परिणाम मान्य केला. मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्यावर त्यांची सक्ती मात्र नाकारली. ग्रहविचार मागे पडला, पण विशेषणे उरली. ‘तो तसाच आहे’ म्हणून माणसाला सोडून देण्याची सवयही त्यांच्याबरोबर उरली, असे मला वाटते.

अर्थ पालटला त्यात धातूचाही हात असावा. किमयागारांनी सात ग्रहांना सात धातू वाटून दिले. सोने सूर्याचे, चांदी चंद्राची, लोखंड मंगळाचे आणि पारा बुधाचा. ग्रहाचे नाव कायमचे चिकटले ते एकट्या पाऱ्याला. लॅटिनमध्ये त्याला ‘जिवंत चांदी’ म्हणत. नेहमीच्या तापमानाला द्रवरूप राहणारा, पाण्याहून साडेतेरा पट जड, तरी बोटाच्या चिमटीत न सापडणारा! सतराव्या शतकापासून या विशेषणात देवाच्या वाक्चातुर्यापेक्षा पाऱ्याची चंचलता अधिक बोलू लागली. मराठीत आपला पारा चढतो तो मात्र तापमापकातला.

आजही हे विशेषण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. प्रतिभावान नट, बेभरवशाचा फलंदाज, राज्यकर्ता यांना ते शोभते. त्यात कौतुकाची छटा असते. घरातल्या सुनेला किंवा कारकुनाला कोणी ‘मर्क्युरिअल’ म्हणत नाही, ‘मूडी’ म्हणून मोकळे होतात. ज्यांचा स्वभाव खरोखर पाऱ्याने बदलला, त्यांनाही ते मिळाले नाही. हॅटसाठी लागणारे फेल्ट बनविताना सशाच्या कातड्यावर पाऱ्याचे द्रावण लावीत. त्याची वाफ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने कामगारांचे हात थरथरत, ते विनाकारण चिडत, माणसांसमोर यायला लाजत. अमेरिकेच्या डॅनबरी या हॅटच्या गावात या विकाराला ‘डॅनबरीचा थरथराट’ असे नाव पडले होते. फेल्टच्या धंद्यात पाऱ्याचा वापर तेथे थांबला तो १९४१ साली.