एक तास पलीकडे

घड्याळ काढून ठेवा, मोबाइलही. हा जाडाभरडा लिननचा सदरा चढवा. टोचेल, पण इथे तो सगळ्यांनाच टोचतो. साल १६३५, ऑगस्ट महिना, गाव लॅक्स्टन, इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातलं. छत्री राहू द्या. इंग्लंडात ऊन पडत नाही असं तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याला आज इथे कापणीला जुंपायला हवं होतं.

गावाच्या रस्त्याने चला, पण खाली बघून. दारादारांत खताचे उकिरडे आहेत, डुकरं मोकळी फिरतायत. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो आणि मधूनच ताज्या पावाचा वास येतो, तेव्हा बाकीचे सगळे वास माफ करावेसे वाटतात.

घरं संपली की नजर एकदम मोकळी सुटते. ना कुंपण, ना भिंत. एक अफाट शेत गव्हाचं, दुसरं वसंतात पेरलेल्या सातू-वाटाण्याचं, तिसरं यंदा पडीक. ‘यातलं माझं कुठलं?’ असं विचारू नका. तुमची जमीन एका जागी नाहीच. एक पट्टी इथे, दुसरी ओढ्यापलीकडे, तिसरी पार चढावर. गावात अशा दोन हजारांवर पट्ट्या आहेत. सगळी वाईट माती तुमच्या एकट्याच्या गळ्यात पडत नाही, हा त्यातला फायदा. दिवसभर या पट्टीवरून त्या पट्टीवर तंगडतोड, हा तोटा.

वाका आता. विळा घट्ट धरा. चिकणमाती उन्हाने कडक झालीय, ढेकळं तळव्यांना बोचतात. थोड्याच वेळात कंबर बोलायला लागते. कुसळं घामाने मानेला चिकटतात, सदऱ्यात उतरतात. शेजारच्या पट्टीवरची बाई तुमच्या कितीतरी पुढे गेलीय आणि वळून हसतेय. नाक मुरडू नका. इथे रोज आंघोळ कुणी करत नाही, आता तुम्हीही करणार नाही. हलकी बिअर हातोहात फिरत येते, कोमट आणि आंबूस. घ्या. बरोबर काळपट पाव, चीज आणि कांदा.

तेवढ्यात एकच गलका! कुणाची तरी गाय उभ्या गव्हात शिरलीय. कुत्री भुंकतायत, पोरं धावतायत, शिव्यांना ऊत आलाय. गावाने नेमलेला पिंडर तिला हाकलत कोंडवाड्यात नेतो. पैसे भरा, गाय सोडवा. मालक तणतणतो, बाकीचे हसतात. गुरांचीही पाळी येणार आहे, पण पीक उचलल्यावर. आधी पेंढ्या घरी जातील, बायका-पोरं सरवा वेचतील, मग गावची गुरं एकत्र रानात.

एक गोष्ट कानात सांगतो. दोन पट्ट्यांमध्ये बांध नाही, नुसती सरी. नांगरताना एक तास पलीकडे मारला की शेजाऱ्याची वीतभर जमीन तुमची. मोह होईल, आवरा. इथे गावातलेच शेतकरी पंच असतात, स्वतः शेतात उतरून हद्दी बघतात आणि दंड ठोकतात. मला तर ही कचेरी आवडली: साक्षीदार शोधावे लागत नाहीत, उघड्या रानात सगळ्यांना सगळं दिसतंच.

दिवस कलला की गावाच्या उत्तरेला जुन्या नॉर्मन किल्ल्याच्या टेकाडावर चढा. तिथे वारा आहे, आणि इथलं सगळ्यात मोठं प्रेक्षणीय स्थळ तेच. मार्क पिअर्स नावाचा मोजणीदार याच वर्षी गावाचा नकाशा करतोय. त्यात पट्ट्या तर आहेतच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी चिमुकली माणसंही. तेव्हा पाठ जरा सरळ ठेवा, चित्रात याल.

हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. खरंच जायचं असेल, तर लॅक्स्टनला नोव्हेंबरअखेरीस जा आणि चिखलाचे बूट न्या. पंच आजही गव्हाचं शेत फिरून पाहतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात आणि हद्द ओलांडणाऱ्याला दंड करतात.